काढलेल्या जलपर्णीला कचरा म्हणू नका: सोलापूरच्या तळ्यांचा आणि गायरानांचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील तळी, ओढे, गायराने आणि रस्त्यांच्या कडा ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

शहराजवळच्या एका तलावातून काढलेल्या जलपर्णीला यापुढे काठावर कोणीही हात लावायचा नाही, सगळा माल थेट कचरा डेपोवर जाईल, असा तोंडी हुकूम गेल्या महिन्यात आम्हाला ऐकवण्यात आला. आम्ही म्हणजे सोलापूर शहराच्या पूर्वभागातील अकरा महिला. गेले दोन उन्हाळे आम्ही त्याच काठावरून जलपर्णीचे देठ कापून, वाळवून त्यांच्या टोपल्या, बसकरे आणि चटया विणत होतो. त्या तलावाचे आणि हुकूम देणाऱ्या कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि एखाद्या अधिकाऱ्याला दोषी ठरवण्यापेक्षा ती पद्धत बदलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. दोन लेखी अर्जांना उत्तर मिळाले नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. माझे वडील रंगखात्यात सुताला रंग देत, आई बिड्या वळत असे, आणि मी स्वतः बिड्या वळतच पदवीपर्यंत शिकले. पुढे सव्वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर गल्लीतल्या महिलांचा बचत गट सांभाळताना एक प्रश्न सतत समोर येत राहिला: ज्यांचे सारे आयुष्य पान कातरण्यात आणि बिडी वळण्यात गेले, ज्यांच्या छातीत तंबाखूची धूळ बसली, त्यांच्या बोटांतले कसब दुसऱ्या कोणत्या कामाला लावता येईल? गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या तलावाकाठी मासेमार कुटुंबांतील मुलींनी २०२१ साली जलपर्णीपासून योगासनाची चटई तयार केल्याचे वाचले, आणि आपल्याकडे तर हा माल उकिरड्यावर जातो, हे तेव्हा प्रथमच नीट ध्यानात आले.

पहिल्या उन्हाळ्यात आमचा माल दोनदा वाया गेला. सुरुवातीला देठ पुरते वाळण्याआधीच वेणी घातली, तेव्हा आठवड्याभरात टोपलीला बुरशी धरली. नंतर गच्चीवर कडकडीत वाळवले, तर वाकवताना ते मधोमध तुटू लागले. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर अक्कांनी, ज्यांनी पन्नास वर्षे बिड्या वळल्या आहेत, एका संध्याकाळी वाळलेले देठ ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. कातरण्यापूर्वी तेंदूचे पान जसे रात्रभर ओलसर ठेवतात, अगदी तसेच. सकाळी तेच देठ चामड्याच्या वादीसारखे वळले. त्या दिवसापासून आमची एकही चटई तुटली नाही. हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात आम्हाला मिळाले नव्हते, ते पूर्वभागातल्या घराघरांत आधीपासून होते. सिद्धेश्वरांच्या गेल्या गड्ड्याच्या यात्रेत आमच्या टोपल्या तीन दिवसांत संपल्या. रक्कम मोठी नव्हती, पण बिडीच्या मजुरीच्या तुलनेत ती कमीही नव्हती, आणि ती मिळवताना कोणाला खोकला झाला नाही.

यंदा मार्चमध्ये आम्ही नऊ दिवस कापून, धुऊन काठावर पसरलेले देठ एका सकाळी लोडरने उचलून टिपरमध्ये भरले. आमच्यातल्या दोघीजणी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, तेव्हा "हा कचरा आहे, तुमच्या नावाचा कागद दाखवा" असे उत्तर मिळाले. कागद नव्हताच, कारण असा कागद कोण देतो हे आजपर्यंत आम्हाला कोणीही सांगू शकलेले नाही. आमची पहिली तक्रार हीच आहे. तलावाचे पाणी एका खात्याचे, काठ दुसऱ्याचा, मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडे आणि काढलेली वनस्पती कोणाची हे अनिश्चित, अशा स्थितीत जो कोणी प्रामाणिकपणे तिचा उपयोग करू पाहतो तोच चोर ठरतो.

दुसरी तक्रार पैशाची आहे, आणि ती प्रत्येक करदात्याची आहे. जलपर्णीच्या वजनात शंभर भागांतले सुमारे पंचाण्णव भाग पाणी असते. दहा टन ओली जलपर्णी भरून टिपर डेपोकडे निघतो, तेव्हा त्यात साडेनऊ टन पाणीच असते. म्हणजे ज्या जिल्ह्यात दुष्काळी वर्षांत गावोगाव टँकर फिरतात, त्या जिल्ह्यात आपण डिझेल जाळून तलावाचे पाणी कचऱ्याच्या ढिगावर नेऊन ओतत आहोत. ठेक्याचे पैसे खेपांवर किंवा ओल्या वजनावर दिले जात असतील, तर माल जितका ओला तितका ठेकेदाराचा फायदा, आणि वाळवण्याची इच्छा कोणालाच राहणार नाही. याच जलपर्णीला काठावर उतारावर पसरून सोलापूरचे एप्रिलचे ऊन चार-पाच दिवस दिले, तर वजनाचा फार मोठा भाग उडून जातो. चाळीस अंशांच्या वरचे ते ऊन आपल्याला फुकट मिळते, आणि नेमके तेच कोणत्याही निविदेत धरलेले नसते.

तिसरी तक्रार वेळेची. काढणीची निविदा निघते, मंजूर होते आणि यंत्र पाण्यात उतरते, तोपर्यंत मे संपत आलेला असतो. एव्हाना जलपर्णीला फुले येऊन बी गळालेले असते. हे बी तळाच्या गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणजे यंदा उशिराने काढलेल्या झाडाची पिढी पुढच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना त्रास देणार. शिवाय मृगाचा पाऊस सुरू झाला की वाळवण सर्वस्वी अशक्य होते, ढीग काठावरच कुजतो, आणि झाडाने पाण्यातून शोषून घेतलेले नत्र आणि स्फुरद पहिल्या मोठ्या सरीबरोबर पुन्हा तलावात उतरते. जलपर्णी नेमकी त्यावरच वाढते. पोषक परिस्थितीत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. यंत्राने तिचे तुकडे होऊन ते पाण्यातच राहिले, तर त्या तुकड्यांपासूनही नवी रोपे फुटतात. तणनाशक फवारून ती जागीच मारण्याचा मार्ग तर मला अधिकच घातक वाटतो. मेलेली जलपर्णी तळाशी बसून कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याची किंमत मासे व मासेमार मोजतात.

या वनस्पतीचा इतिहासही आपल्याला सावध करणारा आहे. मूळची ती दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलांच्या सौंदर्यासाठी तिला बंगालमध्ये आणले गेले, आणि पुढील काही दशकांत तिथले जलमार्ग, भातखाचरे आणि मासेमारी यांची इतकी हानी झाली की १९३६ मध्ये बंगालमध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा झाला, मोहिमा झाल्या, तरी ती गेली नाही. १९८० च्या दशकात तिच्यावर जगणारे भुंगे परदेशातून आपल्या देशात आणून सोडले गेले आणि काही ठिकाणी त्यांचा चांगला उपयोगही झाला. इतके सांगण्याचे कारण असे की, टोपल्या विणून तलाव साफ होतील असा भ्रम मी बाळगत नाही. आम्ही अकराजणी एका उन्हाळ्यात जेवढे देठ विणतो, त्याच्या कितीतरी पट जलपर्णी तेवढ्या काळात पुन्हा उगवते. विणकामाला फक्त लांब देठ लागतात, पाने आणि मुळे बाजूलाच राहतात. मोठ्या प्रमाणावर उपयोग करायचा तर तो शेण मिसळून बायोगॅस करणे, गांडूळखत करणे किंवा फळबागांत आच्छादन म्हणून पसरणे, हाच आहे. डाळिंबाच्या या जिल्ह्यात, जिथे प्रत्येक शेतकरी बुंध्याजवळची ओल टिकवण्यासाठी धडपडतो, तिथे वाळलेल्या आच्छादनाला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही.

मात्र येथे एक गोष्ट मी शिक्षिका म्हणून ठामपणे सांगते. जलपर्णीची मुळे पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू शोषून घेतात. ज्या शहरात रंगखात्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे नाल्यांत गेले आहे, त्या शहरातील तलावाची जलपर्णी तपासणीशिवाय जनावरांना घालणे किंवा तिचे खत भाजीपाल्याला देणे योग्य नाही. माझ्या वडिलांचे हात कायम निळे-लाल असत. तो रंग धुतलेले पाणी कुठे जाते, हे मी लहानपणी त्यांना विचारले होते आणि त्यांनी नुसते नाल्याकडे बोट दाखवले होते. म्हणून उपयोग आधी ठरवून मग तपासणी करू नका, आधी तपासणी करा. स्वच्छ निघालेला माल खताला आणि आच्छादनाला द्या, आणि दूषित निघालेल्या मालाचे काय करायचे ते जाणकारांना विचारून ठरवा. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सोलापुरात विद्यापीठ आहे, कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे.

आता पाण्याबाहेरच्या एका झाडाविषयी. वेडी बाभूळ, जिला आपल्याकडे पुष्कळ गावांत चिलार म्हणतात, ती १८७७ च्या सुमारास अमेरिका खंडाच्या बाजूने आपल्या देशात आली आणि पुढे ओसाड जमीन हिरवी व्हावी, गरिबाला जळण मिळावे म्हणून सरकारी प्रयत्नांनी लावली गेली. कच्छमध्येही तिला ‘गांडो बावळ’ म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात. दोन प्रांतांतल्या लोकांना हे एकच नाव सुचावे, यातून तिचा स्वभाव कळतो. आज कालव्यांच्या कडा, ओढ्यांची पात्रे, गायराने आणि रेल्वेमार्गाच्या बाजू तिने व्यापल्या आहेत. तिचे जळण उत्तम असते. वडिलांच्या रंगखात्यातली भट्टी त्याच लाकडावर पेटत असे. तिचा कोळसाही चांगला होतो, जरी पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी चार-पाच किलो लाकूड खर्ची पडते. शेंगा गोड असतात, शेळ्या त्या आवडीने खातात, आणि जोधपूरच्या काझरी या शुष्क प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने या शेंगांपासून पशुखाद्य करण्याचे कामही केले आहे. पण शेंग अख्खी खाल्ली गेली की बी पोटातून सहीसलामत बाहेर पडते आणि लेंडीबरोबर नव्या जागी रुजते. शेंगा गोळा करून दळून दिल्या, तर खाद्यही मिळते आणि प्रसारही थांबतो.

माझी चौथी तक्रार या झाडाच्या तोडणीबद्दल आहे. तोडणी जमिनीलगत केली जाते, लाकूड विकले जाते आणि खुंट तसाच राहतो. पुढच्या पावसात त्या एका खुंटातून दहा-बारा फुटवे निघतात आणि जिथे माणूस चालू शकत होता तिथे काटेरी जाळी उभी राहते. लाकूडही मिळाले आणि झाडही वाढले, असा हा व्यवहार ठेकेदाराच्या सोयीचा आहे, गायरानाच्या नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखी गवताळ माळराने ही आपल्या जिल्ह्याची खरी संपत्ती आहे. १९७९ साली अभयारण्य झाले ते झाडांसाठी झाले नव्हते. तिथे माळढोक, काळवीट, लांडगा आणि चंडोल यांना उघडे गवत लागते. अशा माळावर हिरवे दिसते म्हणून परके झाड वाढू देणे किंवा लावणे हे माळ बुडवण्यासारखेच आहे. तिथून वेडी बाभूळ काढायची तर ती मुळासकट, जमिनीखालच्या डोळ्यांसकट काढली पाहिजे, आणि त्या जागी पवन्या, मारवेल यांसारखी इथलीच गवते आली पाहिजेत.

गाजर गवताबद्दल थोडक्यातच लिहिते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आज आपल्या प्रत्येक मोकळ्या भूखंडावर आहे. त्यामुळे किती जणांच्या हातांना खाज आणि किती जणांना दमा सोसावा लागतो, हे दवाखान्यांत विचारले तर कळेल. फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटले तर ते नाडेप पद्धतीच्या खतटाकीत उत्तम कुजते. फुलावर आल्यानंतर उपटले तर तेच खत शेतभर बी पेरते. येथेही सगळा प्रश्न दोन-तीन आठवड्यांच्या वेळेचा आहे.

एक आक्षेप मला प्रत्येक कार्यालयात ऐकवण्यात आला आणि तो वावगा नाही. या वनस्पतींना पैसा मिळू लागला की लोक त्या मुद्दाम वाढवतील, काढण्याऐवजी राखतील, असे म्हटले जाते. दुसरीकडे कर्नाटकात माले महादेश्वर डोंगरातील सोलिग आदिवासी कारागीर घाणेरी या परक्या झुडपाच्या काठ्यांपासून वेतासारखे फर्निचर करतात, आणि तरीही तिथल्या जंगलातली घाणेरी संपलेली नाही, हेही खरे आहे. म्हणून उपयोगाची परवानगी अटींसह द्यावी असे मीच सुचवते. जिवंत रोप, मूळ किंवा बी एका जलसाठ्यातून दुसऱ्याकडे नेण्यास सक्त मनाई असावी. मोबदला साफ झालेल्या पाण्यावर ठरावा, आणि तीन महिन्यांनी तेच पाणी पुन्हा मोजून उरलेली रक्कम द्यावी. आमच्या गटाची याला तयारी आहे. तलावात जलपर्णी उरली नाही तर आमचे काम बंद पडेल, हे आम्ही बैठकीत बोलून ठेवले आहे. करमाळा भागातील केळीच्या बागांत घड काढल्यावर फेकून दिली जाणारी सोपटे आम्ही आणून पाहिली आहेत. ती तशीच ओल्या गोणपाटात ठेवली की तशीच वळतात. आम्हाला विणायला काहीतरी नेहमी मिळेल. तलावाला मात्र मोकळे पाणीच हवे.

आणि मूळ कारण विसरून चालणार नाही. सांडपाणी जोपर्यंत प्रक्रियेशिवाय तलावांत येत राहील, तोपर्यंत जलपर्णीला रोजचे जेवण घरपोच मिळत राहील. ज्या नगरीचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तळे खोदले असे आपण श्रद्धेने सांगतो, त्या नगरीत तळ्यात काय सोडले जाते याची रोजची नोंद लोकांना पाहता येऊ नये, याचे मला मनापासून दुःख होते.

वरील सर्व विचारात घेऊन आमच्या मागण्या अशा आहेत.

काढलेल्या वनस्पतीवर निर्णय घेणारा एकच अधिकारी प्रत्येक जलसाठ्यासाठी लेखी नेमावा, आणि बचत गट, शेतकरी व मासेमार यांना हा माल काठावरून विनामूल्य उचलण्याचा परवाना अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत मिळावा किंवा नकाराचे कारण लेखी मिळावे.

काढणीची निविदा दिवाळीनंतर लगेच काढून प्रत्यक्ष काम जानेवारी ते एप्रिल या काळात व्हावे, आणि मोबदला खेपांवर किंवा ओल्या वजनावर न ठरवता साफ झालेल्या क्षेत्रावर ठरवावा.

प्रत्येक तलावाच्या काठावर, पण पावसाच्या पाण्याचा लोंढा परत तलावात जाणार नाही अशा जागी, वाळवणीचा एक ओटा राखून ठेवावा. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही, सपाट मुरमाची जागा आणि सावलीला एक छप्पर पुरेसे आहे.

जलपर्णीतील जड धातूंची तपासणी वर्षातून किमान दोनदा व्हावी आणि अहवाल काठावरच मराठीत व तेलुगूत फलकावर लावावा, कारण त्या काठावर काम करणाऱ्यांपैकी अनेकांची घरची भाषा तेलुगू आहे.

गायरानांवरील वेडी बाभूळ तोडण्याचा कोणताही ठेका खुंट व मूळ काढण्याच्या अटीशिवाय देऊ नये, अनामत रक्कम पुढचा पावसाळा उलटून गेल्यावर फुटवे नाहीत हे पाहूनच परत करावी, आणि अभयारण्याच्या परिसरात गवताळ माळावर परकी झाडे लावणे पूर्ण थांबवावे.

फताटेवाडी-आहेरवाडी येथे १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. कोळशाबरोबर काही प्रमाणात बायोमासच्या कांड्या जाळण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठरवले आहे. ते मुख्यतः शेतातील काडीकचऱ्यासाठी असले, तरी मुळासकट काढलेल्या वेड्या बाभळीचे लाकूड त्यात बसते का, याची विचारणा जिल्हा पातळीवरून अधिकृतपणे व्हावी.

शेवटी आमच्या गटापुरती एक मागणी आहे. मार्चमध्ये उचलून नेलेल्या मालाची भरपाई आम्ही मागत नाही. यंदाची काढणी अजून पुरी झालेली नाही. मृग लागण्यापूर्वी काठावरची फक्त वीस फूट लांबीची जागा आम्हाला पंधरा दिवस द्यावी, आणि त्या पंधरा दिवसांत आपल्यापैकी एखाद्या अधिकाऱ्याने वजनकाटा घेऊन यावे. शंभर किलो ओला माल आम्ही त्यांच्यासमोर मोजून पसरू, आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा त्यांच्याच हाताने मोजून देऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
पूर्वभागातील एक निवृत्त शिक्षिका, अकरा महिलांच्या बचत गटाच्या वतीने
सोलापूर